पांढरी, काळी आणि कौल

गाव कुणी वसवलं असं विचारलं की घाटमाथ्यापासून मराठवाड्यापर्यंत थोड्याफार फरकानं त्याच गोष्टी ऐकायला मिळतात. दोघे भाऊ दुष्काळात गुरं हाकत आले, नदीच्या वळणावर गाय बसली ती उठेना, तिथंच त्यांनी खुंटा ठोकला. किंवा देवीला घेऊन येणाऱ्या भक्तानं घातलेली अट मोडून मागं वळून पाहिलं आणि देवी तिथंच थांबली. किंवा वारुळावर गाय आपणहून पान्हा सोडायची, खणलं तर पिंड निघाली. या गोष्टींना भाकडकथा म्हणून बाजूला सारणारे लोक मला घाईचे वाटतात. बाहेरून आलेली माणसं, त्यांची जनावरं आणि जवळचं पाणी हे तिन्ही तपशील या गोष्टींत हमखास असतात. मुळात कुणी इथलं नव्हतं, हे गावकऱ्यांनी स्वतःच शतकानुशतकं जपून ठेवलेलं आहे.

*

मला मात्र कुणी वसवलं यापेक्षा किती वेळा वसवलं हा प्रश्न जास्त छळतो. आपण गावाला वडाच्या झाडासारखं समजतो: एकदा रुजलं आणि वाढत गेलं. दख्खनचा इतिहास तसं सांगत नाही. इथली गावं बसली, उठली, ओस पडली, पुन्हा बसवावी लागली. ही टिपणं त्या पुन्हा-पुन्हाबद्दल आहेत.

*

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, पुण्याच्या पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर, घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मुख्य नावं. एकाच गावठाणावर इतकी वर्षं चिकाटीनं, आडवं पसरत केलेलं खोदकाम आपल्याकडे विरळाच. नुसता उभा खड्डा खणला तर थर कळतात. आडवं खोदलं तर घराशेजारचं घर, मधली बोळ, अंगणातली चूल दिसते, आणि गाव कळतं. शंभराहून अधिक घरांच्या खुणा इथं मिळाल्या. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचं एक अख्खं गाव आपल्याला जवळून पाहता येतं ते या कामामुळे.

*

पांढरी म्हणजे काय हे ज्याच्या घरावर धाबं होतं त्याला सांगावं लागत नाही. माणसांची आणि जनावरांची वस्ती एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिली की चुलीतली राख, शेणमूत, पडक्या भिंतींची माती, कोंडा, हाडं असं सगळं साचत जातं. आजूबाजूच्या काळ्या रानातून तो राखी रंगाचा उंचवटा लांबूनही वेगळा उमटतो. ती माती हातात घेतली तर भुसभुशीत, हलकी. बोटांना पिठासारखी चिकटते. पावसाआधी धाब्यावर तिचा थर द्यायचा, कारण पाणी ती सहजी आत उतरू देत नाही. खत म्हणूनही शेतकरी ती गाड्या भरभरून नेत आले. अशीच कित्येक जुनी गावठाणं शेतांत पसरली गेली. ज्या वावरात खापराचे रंगीत तुकडे नांगराला लागतात ते सगळंच तिथलं असेल असं नाही. काही या खतातून आलेलं असतं.

महसुली कागदांत आणि बोलण्यातही गावाचे दोन भाग असत: काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे राहण्याची. गावच्या निवाड्यात पांढरीला साक्षीला बसवलं जाई. पांढरी खोटं बोलू देत नाही असं मानणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि इनामगावच्या उत्खननाचं वर्णन वाचल्यापासून मलाही ते पटतं.

*

इसवी सनापूर्वी १६०० च्या आसपास इथं पहिली माणसं येऊन राहिली. त्यांची भांडी माळव्यातल्या भांड्यांशी जुळतात, म्हणून त्या काळाला माळवा संस्कृतीचा काळ म्हणतात. नर्मदा, मग तापी, मग खानदेशातून दक्षिणेकडे, नदीखोऱ्यांच्या आधारानं ही माणसं सरकत आली. मग १४०० ते १००० हा जोर्वे संस्कृतीचा पूर्वकाळ, आणि १००० ते ७०० हा उत्तरकाळ. जोर्वे हे संगमनेरजवळ प्रवरेकाठचं गाव. तिथं १९५०-५१ साली उत्खनन झालं आणि त्या गावाचं नाव एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं. तांबड्या पृष्ठावर काळी नक्षी, पोटाला ठसठशीत कंगोरा, एका बाजूला तोटी. हे भांडं चांगलं भाजलेलं असतं. टिचकी मारली की खणखणतं.

एका जागेवर ९०० वर्षं. आज ज्या गावांना आपण जुनं म्हणतो, त्यांतल्या किती गावांना सलग ९०० वर्षांची वस्ती सांगता येईल?

*

घर कसं होतं? कुडाच्या भिंती, त्यांवर मातीचा लेप, वर गवताचं छप्पर. चौकोनी पण कोपरे गोलसर. जोर्वे काळातलं सर्वसाधारण घर ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद. घरात चूल, अंगणात आणखी एक शेकोटीचा खड्डा. धान्यासाठी जमिनीत खोदलेली, चुन्यानं लिंपलेली पेवं. आणि मातीचे गोल ओटे. त्या ओट्यांवर काय असेल ते खणणाऱ्यांना आसपासच्या गावांतल्या घरांत डोकावल्यावर कळलं: कणगी. बांबूची, शेणामातीनं सारवलेली, ओल लागू नये म्हणून उंचावर ठेवलेली. आमच्या आजीच्या घरात अशी कणगी होती. तिच्या तळाशी भोक असे आणि त्याला चिंध्यांचा बोळा. तो बोळा काढून आजी पायलीत ज्वारी घ्यायची.

इनामगावकर मात्र मुख्यतः ज्वारीवर जगत नव्हते. त्यांचं मुख्य धान्य जव. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. बोरांच्या आठोळ्या भरपूर मिळाल्या. शिरूर-पारनेरच्या माळावर बोर अजूनही तशीच येते, न लावता.

*

इथं जरा थांबायला हवं: त्यांनी पाटपाणी केलं होतं.

जोर्वे काळाच्या सुरुवातीच्या शतकांत वस्तीच्या कडेनं माती-दगडगोट्यांचा बांध घातला गेला आणि त्याच्या लगत जवळजवळ ४ मीटर रुंदीचा, पुरुषभर नव्हे तर दोन पुरुष खोल म्हणावा असा चर खोदला गेला. नदीला पूर आला की पाणी चरात वळवायचं; वस्ती वाचवायची आणि रान भिजवायचं. गहू दिसू लागतो तो याच काळात. घोडकाठचा पाऊस आजही पाचशे मिलिमीटरच्या आसपास अडखळतो. त्या पावसावर जव निघेल, गव्हाला पाणी द्यावं लागतं.

लोखंड नव्हतं. तांबं होतं, पण तेही थोडं. रोजची कामं गारगोटीच्या, चकमकीच्या पात्यांनी चालत. अशा हत्यारांनिशी शेकडो फूट लांबीचा चर खणायचा म्हणजे अख्ख्या गावाला उन्हाळाभर कामाला लावायचं. कुणी आखलं, कुणी कुणाला बोलावलं, न येणाऱ्याचं काय केलं, दर पावसाळ्यानंतर गाळ कुणी काढला? मला वाटतं इनामगाव गाव झालं ते इथं. त्याआधी नदीकाठी शेजारी-शेजारी राहणारी कुटुंबं होती. पाणी वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा शेजाराला नियम लागले.

*

आणि नियमांबरोबर मालक आला.

वस्तीच्या मधल्या भागात एक पाच खोल्यांचं घर मिळालं. बाकी घरं एकखणी, क्वचित दोनखणी. या घराला लागून धान्याचं कोठार: पेवं, कणगीचे ओटे, एका कुटुंबाला कधीच लागणार नाही इतकी साठवण. उत्खनन करणाऱ्यांनी याला गावप्रमुखाचं घर म्हटलं आणि कोठारात सगळ्यांकडून आलेलं धान्य साठत असावं असा अर्थ लावला. कुंभार, सोनार, मणी घडवणारे, चुना भाजणारे यांची घरं पश्चिमेच्या कडेला. सधन शेतकरी मध्यावर.

पुढच्या काळातली जातिव्यवस्था उचलून तिथं नेऊन ठेवणं चूक आहे, त्याला काही आधार नाही. पण कोण मध्ये राहणार आणि कोण कडेला, हे गावानं साडेतीन हजार वर्षांपूर्वीच ठरवायला घेतलं होतं, हे वाचून मला चैन पडत नाही.

*

मुलं.

इनामगावला मिळालेल्या दफनांत लहान मुलांची संख्या फार मोठी आहे. पद्धत अशी: घराच्या जमिनीतच खड्डा घ्यायचा. राखी रंगाचे दोन घडे आडवे ठेवायचे, तोंडाला तोंड भिडवून. आत मूल. जवळ एखादं तोटीचं भांडं, एखादी वाटी, क्वचित गळ्यात मणी. वर माती, वर सारवण. आणि मग त्याच जमिनीवर चूल पेटायची, जव दळले जायचे, दुसरं मूल रांगायचं.

मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोकं करून उताणं ठेवत. त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मेलेला माणूस उठून चालू लागू नये, गाव सोडून जाऊ नये म्हणून असं करत असावेत, हा अभ्यासकांनी लावलेला अर्थ. मला या तर्काची भीती वाटत नाही. ज्यांनी वस्ती उभी करायला इतका जीव टाकला, त्यांना आपली माणसं आपल्याच जमिनीखाली हवी होती, एवढंच मी त्यातून घेतो. आजही गावाकडे वाद निघाला की लोक म्हणतात, आमची हाडं या मातीत आहेत. ते शब्दशः खरं असण्याचा हा दख्खनमधला फार जुना पुरावा.

*

एक रांजण फार विलक्षण आहे. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात तो मिळाला. कच्च्या मातीचा, फुगीर पोटाचा, चार आखूड जाड पायांचा. त्यात सुमारे चाळिशीचा एक पुरुष बसलेल्या अवस्थेत, गुडघे दुमडून. सगळ्यांचे पाय तोडणाऱ्या या गावानं याचे पाय तोडले नाहीत. पोटासारखा रांजण आणि त्यात अंग मुडपून बसलेला माणूस हे पाहून कुणालाही गर्भ आठवेल. हा गावचा प्रमुख असावा असं मानतात. प्रमुखाला फिरायची मोकळीक मेल्यावरही होती असं दिसतं. किंवा तो गाव सोडून जाणार नाही याची लोकांना खात्री होती. मला दुसरा अर्थ जास्त आवडतो.

*

एका घराच्या कोपऱ्यात, जमिनीखाली, मातीची लंबगोल डबी पुरलेली होती. झाकणावर स्त्रीची एक ओबडधोबड मूर्ती, डबीत दुसरी, बिनडोक्याची, आणि सोबत मातीचा बैल. बिनडोक्या मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला बारीक भोकं. त्यांत काडी खोवली की मूर्ती बैलावर उभी राहते. सगळं कच्च्या मातीचं, म्हणजे एका कार्यापुरतं घडवलेलं. कार्य झालं, डबीत घातलं, पुरलं.

या मूर्तीचा थेट धागा आजच्या एखाद्या देवीशी जोडण्याचा मोह अनेकांना झाला आहे. मी तो टाळतो. मला ती डबी घडवणारी बोटं दिसतात तेवढी पुरेत. कडा नीट जुळाव्यात म्हणून झाकण दाबून पाहिलं असेल कुणीतरी.

*

इसवी सनापूर्वी १००० नंतर चित्र पालटतं. चौकोनी घरं जातात, लहान गोल झोपड्या येतात. धान्य कमी होतं, शेळ्या-मेंढ्या वाढतात, हरणांची हाडं वाढतात. मडक्यांवरची नक्षीही ढेपाळते. ढवळीकरांनी याचं कारण कोरड्या पडत गेलेल्या हवामानात शोधलं. त्यावर पुढं वादही झाले. कारण काहीही असो, शेतकऱ्यांचं गाव हळूहळू मेंढपाळांच्या वाडग्याकडे सरकलं. प्रवरेकाठचं दायमाबाद तर १००० च्या सुमारासच रिकामं झालं होतं. इनामगाव तीनशे वर्षं जास्त तगलं. इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपास तेही उठलं.

शेती सोडून मेंढरामागं जाणं ही अधोगती, असं पुस्तकात सहज लिहिलं जातं. दुष्काळी भागातल्या माणसाला तसं वाटणार नाही. जनावर चालतं, पीक चालत नाही. पाऊस हुकला की चालणाऱ्या धनाच्या मागं जाणं हे शहाणपण आहे, आणि धनगरांनी ते आजतागायत जपलं आहे. चौमासा गावाजवळ, दिवाळीनंतर कोकणाकडे किंवा बालाघाटाकडे. दख्खनमध्ये गाव आणि वाडगा एकमेकांत बदलत आले आहेत.

*

नाशिकच्या पांडवलेण्यांत, क्रमांक ३ च्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा एक लेख आहे. राजा आणि राजमाता दोघांच्या नावानं, राज्यवर्ष २४. या त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना पूर्वी कखडी नावाच्या गावात शेत दिलेलं होतं. लेखाचा मथितार्थ असा: ते शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही, म्हणून आता नगराच्या शिवेवरची आमच्या मालकीची शंभर निवर्तनं जमीन द्यावी.

दानलेख साधारणपणे चंद्र-सूर्य असेतोवरची भाषा बोलतात. इथं राजाच कबूल करतो की दिलेल्या शेताचं गाव ओस पडलं. क्षत्रपांशी झालेल्या लढायांचा तो काळ. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ओसाड गावाची ही नोंद मला कुठल्याही विजयलेखापेक्षा मोलाची वाटते.

*

याच्या उलट एक ताम्रपट. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याचा, शके ६९०, म्हणजे इसवी सन ७६८. पूनक विषयातलं, म्हणजे पुणे प्रांतातलं, कुमारीग्राम आणि शेजारची काही गावं दान दिली आहेत. चतुःसीमा सांगताना थिउर, आळंदिय, दाडिम, खंभ अशी ग्रामनामं येतात, उत्तरेला मुइला नदी. पुणे–सोलापूर रस्त्यानं जाणाऱ्याला ही नावं परकी वाटणार नाहीत: थेऊर, चोराची आळंदी, डाळिंब, खामगाव, आणि वर मुळा-मुठा. दान दिलेल्यांत अरलुव आहे, ते आजचं उरुळी. साडेबाराशे वर्षांत राजवटी किती आल्या-गेल्या. त्या शिवारातल्या गावांनी एकमेकांच्या शिवा मात्र सोडल्या नाहीत.

शीव टिकते ती शेजाऱ्यामुळे. गाव ओस पडलं तरी चारी बाजूंची गावं त्याची हद्द लक्षात ठेवतात, कारण त्यात त्यांचीही हद्द असते.

*

ओस गाव पुन्हा कसं बसवत? मराठेशाहीतल्या कागदांत याची पद्धत लख्ख दिसते. सरकार पाटलाला किंवा नव्यानं येऊ पाहणाऱ्याला कौल देई: या, रान लावा, घरं बांधा, तुम्हांस उपसर्ग लागणार नाही. पहिल्या वर्षी सारा नाममात्र किंवा माफ, मग दरसाल थोडा वाढत जाऊन ठरलेल्या मुदतीनं पूर्ण. या चढत्या आकारणीला इस्तावा म्हणत. बैलाला, बियाण्याला तगाई. पडीक मोडून लागवड करणाऱ्याला सवलत.

१६३० च्या सुमारास आदिलशाही फौजेनं पुणं उद्ध्वस्त केलं. गाढवाचा नांगर फिरवल्याची आठवण आजही सांगितली जाते. त्याच सुमारास मोठा दुष्काळ. नंतर शहाजीराजांच्या या जहागिरीत दादोजी कोंडदेवांच्या कारभारात वस्ती परत आणली गेली ती याच मार्गानं. रान इतकं माजलं होतं की लांडगे मारणाऱ्याला बक्षीस द्यावं लागलं, असं जुन्या वृत्तांतांत येतं. स्वराज्याची सुरुवात आपण किल्ल्यांपासून मोजतो. मावळातल्या कुणब्याला ती कौलाच्या कागदापासून मोजावीशी वाटली असती. किल्ल्यावरच्या शिबंदीचं पोट शेवटी त्याच्याच रानावर चालायचं.

*

गावात आलेले सगळे सारखे नसत. ज्यांचे पूर्वज रान मोडून बसले ते थळकरी, मिरासदार. जमीन वंशपरंपरेची, गोतात बसण्याचा मान. मागून आलेले ते उपरी. जमीन कसायची, पण करारापुरती. मिरासदार दुष्काळात परागंदा झाला आणि पंचवीस-तीस वर्षांनी त्याचा मुलगा परतला तरी गोत त्याची मिरास मान्य करी. कुळ बुडालंच तर त्या जमिनीला गतकुळ म्हणत, आणि तिच्यावर त्या कुळाचं नाव तसंच राही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२० च्या दशकात दख्खनची जमीनधारणा अभ्यासली तेव्हा त्याला थळांच्या यादीत अशी बुडालेल्या घराण्यांची नावं भेटली. घराणं नाही, घर नाही, दिवा लावणारं कुणी नाही, पण थळ त्यांच्या नावाचं.

*

बारा बलुतेदारांबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांचं १९१५ सालचं ‘गावगाडा’ अजून त्याबाबतीत हाताशी ठेवण्यासारखं. मला एकच गोष्ट नोंदवायची आहे. शिवेचा वाद लागला की महाराची साक्ष निर्णायक मानत. गावाची हद्द कुठून कुठं, कुठल्या दगडाशी वळते, कुठल्या नाल्यात उतरते, हे त्याला पाठ. गाव नव्यानं बसवायचं तरी वेसकराशिवाय ते पूर्ण होत नसे. आणि ज्याच्या शब्दावर गावाची शीव ठरे, त्याचं घर शिवेजवळच, पांढरीच्या बाहेर, पाणवठा वेगळा. गाव वसवण्याची गोष्ट सांगताना पाटलाच्या मूळपुरुषाचं नाव येतं. हद्द चालून दाखवणाऱ्याचं नाव कुठल्याही दंतकथेत मी ऐकलेलं नाही. ही मोठी चोरी आहे, आणि गावचा इतिहास लिहायला बसणाऱ्यानं तिची भरपाई पहिल्या पानापासून करायला हवी.

*

दामोदर कोसंबी पुणे जिल्ह्यात पायी हिंडत. देवीची ठाणी गावापासून लांब, माळावर किंवा वाटा मिळतात तिथं का असतात, याचा ते माग घेत. त्यांना अशा जागी दगडाची बारीक हत्यारं मिळत. शेतीच्या आधीच्या, भटक्या माणसांच्या वाटा आणि देवीची ठाणी एकमेकांशी जुळतात असं त्यांनी मांडलं. १९६२ सालच्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’त हे सविस्तर आलं आहे. गाव हललं तरी देवी हलत नाही. वर्षातून एकदा पालखी जुन्या जागी जाते. आपल्या गावाची पालखी शिवारातल्या ज्या ओक्याबोक्या जागेवर थांबते तिथं एकदा खाली बसून माती पाहावी.

*

हॅरॉल्ड मान पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रमुख. १९१७ साली त्यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास छापला, पुढं शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा. पिंपळे सौदागरमध्ये १७७१ साली सरासरी धारणा ४० एकर होती. १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली. त्या गावात आज एकर उरलेला नाही. पिंपरी-चिंचवडच्या इमारतींत ते मिसळून गेलं. तिथं जमीन चौरस फुटांत मोजतात. लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली, पण इनामगाव ज्या अर्थानं उठलं त्याच अर्थानं पिंपळे सौदागरही उठलं: काळी संपली.

*

उठण्याचा आणखी एक प्रकार आपल्याच काळातला. घोड पुढं भीमेला मिळते. भीमेवर उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं आणि नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. इंदापूर तालुक्यातलं पळसदेव त्यांतलं. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडतं. लोक होड्यांनी, गाळातून चालत तिथं जातात. वर्तमानपत्रांत दर वेळी त्याचं शिल्पकाम छापून येतं. मंदिर पाहायला गेलेल्यांतली वयस्क माणसं मात्र मंदिराभोवतीची रिकामी जागा बोटानं दाखवत हिंडतात: इथं आमचं घर, इथं आड, इथून वेस.

*

धरणग्रस्तांना नवं गावठाण देताना सरकार नागरी सुविधांची यादी लावतं. रस्ते, विहीर किंवा नळ, शाळा, चावडी, दहनभूमी. पूर्वीच्या कौलात यांतलं काहीच नसे. त्यात काळी असे आणि ती लावायला मोकळीक असे. कोयनेच्या खोऱ्यातून १९६० च्या आसपास उठवलेल्या कुटुंबांना सुविधांच्या आधी जमीनच पुरी मिळाली नाही. कुणाला खडक मिळाला, कुणाला दुसऱ्याच्या वहिवाटीतलं रान, कुणाला नुसता कागद. ज्या वेळी ती उठली तेव्हा पाळण्यात असलेली पोरं म्हातारी होऊन साताऱ्यात, पाटणात ठिय्या धरून बसली. त्यांच्या मागण्यांच्या निवेदनात पहिलं कलम जमिनीचं असतं, आणि लगेच त्याखाली तिला पाणी द्या हे दुसरं.